सायकलीचा पुढचा डिरेलर



सायकलीसारख्या विषयावर नभोवाणीवरून बोलावयाचें, आणि त्यांतहि तिच्या एका मुठीत मावणाऱ्या भागावर बोलावयाचें, याचें आपणांपैकीं पुष्कळांना नवल वाटेल. परंतु नांदेड आणि लातूर या दोन शहरांत गेल्या कांहीं वर्षांत बारीक चाकांची, वांकड्या हॅंडलची, वजनानें हलकी आणि किमतीनें जड अशी सायकल बऱ्याच सुशिक्षित घरांत आली आहे. तिच्यासंबंधीं एकच तक्रार मी इतक्यांच्या तोंडून ऐकतों कीं, तिचा एकदां नीट विचार व्हावा असें मला वाटलें. तक्रार अशी कीं, पुढचा गिअर बदलत नाहीं. बदलला तर साखळी पडते. आणि साखळी न पडली तर ती सारखी घांसत राहते. डॉक्टर, प्राध्यापक, वकील, बँकेंतले अधिकारी, ज्यांनीं ज्यांनीं हौसेनें ही सायकल घेतली, त्यांतले कित्येक आज पुढच्या गिअरला हातच लावीत नाहींत. साखळी एकदां मोठ्या चक्रावर चढली आहे, तर ती तेथेंच राहूं द्या, असा त्यांनीं मनाशीं तह केलेला असतो. या तहाची किंमत पुढें चढावर गुडघ्यांना द्यावी लागते, आणि कांहीं घरांत तर सायकल गॅलरींत कपडे वाळत घालण्याच्या कामीं येऊं लागते.

या भागाला डिरेलर म्हणतात. शब्द मूळ फ्रेंच. त्याचा अर्थ रुळावरून उतरविणारा. रेल्वेचें विभागीय कार्यालय असलेल्या नांदेडांत आणि रेल्वेच्या डब्यांचा कारखाना असलेल्या लातुरांत हें नांव अपशकुनीच वाटावयाचें. सायकलीवर मात्र हा अपघात जाणूनबुजून, आणि शक्य तों सभ्यपणें, घडवून आणावयाचा असतो. क्रँकला दोन दांतेरी चक्रें जोडलेलीं असतात. आपले कारागीर त्यांना चेनव्हील म्हणतात. एक मोठें, एक लहान. साखळी त्यांपैकीं एकावरून फिरत असते. तिला त्या चक्रावरून उतरवून दुसऱ्यावर नेऊन बसविणें, एवढेंच पुढच्या डिरेलरचें काम.

नभोवाणीवर चित्र दाखवितां येत नाहीं. तेव्हां ज्यांच्या घरीं अशी सायकल आहे त्यांनीं ती जवळ ओढून घ्यावी, आणि इतरांनीं मनांत चित्र उभें करावें. बैठकीखालून क्रँककडे जी उभी नळी उतरते, तिच्या उजव्या अंगास, मोठ्या चक्राच्या माथ्यावर, दोन पातळ पट्ट्यांचा एक अरुंद पिंजरा बसविलेला दिसेल. साखळी या दोन पट्ट्यांच्या मधून जाते. डाव्या हाताचा मोठा खटका दाबला कीं तार ओढली जाते, पिंजरा बाहेरच्या बाजूस सरकतो, आणि त्याची आंतली पट्टी साखळीला मोठ्या चक्राकडे रेटते. दुसरा खटका दाबला कीं तार सैल पडते, पिंजऱ्याच्या पोटांतील स्प्रिंग त्याला परत आंत ओढते, आणि या वेळीं बाहेरची पट्टी साखळीला लहान चक्रावर ढकलते. पिंजऱ्यानें कोठवर आंत यावें आणि कोठवर बाहेर जावें याच्या सीमा ठरविणारे दोन बारीक स्क्रू त्याच्या अंगावर असतात. एकाजवळ इंग्रजी एल हें अक्षर असतें, दुसऱ्याजवळ एच. एल ही लहान चक्राकडची सीमा, एच ही मोठ्या चक्राकडची. हे स्क्रू पिंजऱ्याला हलवीत नाहींत. ते शेताच्या बांधासारखे आहेत. हलविण्याचें काम तारेचें आणि स्प्रिंगचें. ही गोष्ट ज्यानें ध्यानांत घेतली त्याची निम्मी अडचण संपली असें मी म्हणेन. कारण पिंजरा हलत नाहीं म्हणून स्क्रू पिळीत बसणारे लोक मीं पुष्कळ पाहिले आहेत.

आतां कोणी विचारील कीं, मागच्या चाकाशींहि असाच एक डिरेलर असतो. तो मुकाट्यानें काम करतो, मग पुढच्यानेंच एवढे नखरे कां करावेत? याचें उत्तर साखळीच्या ताणांत आहे. पायडल मारीत असतां साखळीचा वरचा पदर ताठ असतो, कारण पायांचा सगळा जोर त्याच पदरांतून मागच्या चाकाला पोंचतो. खालचा पदर सैल असतो. मागचा डिरेलर हा खालचा, सैल पदर हलवितो. पुढच्याच्या वांट्याला वरचा, ताठ पदर आलेला आहे. मोट चालू असतांना, बैल धांवेवर ओढीत असतांना, नाडा एका चाकावरून काढून शेजारच्या चाकावर टाकावा, तसें हें काम आहे. त्यांतून मागील चक्रांत शेजाऱ्याशेजाऱ्यांमध्यें एकदोन, फार तर तीन दांत्यांचें अंतर. पुढें मात्र ५० दांत्यांवरून एकदम ३४ वर उडी. तेव्हां पुढचा डिरेलर हें यंत्र स्वभावतःच थोडें राकट आहे. त्याच्याकडून घड्याळाची नाजुकता मागूं नये. पण त्याची मांडणी बरोबर असली तर तें वर्षानुवर्षें इमानानें चालतें.

त्याच्या जन्मकथेंत फार वेळ घालवीत नाहीं, पण एक गंमत सांगण्यासारखी आहे. फ्रान्समध्यें सेंट एतिएन येथें पॉल द व्हीव्ही नांवाचे एक गृहस्थ होऊन गेले (१८५३–१९३०). ‘व्हेलोसिओ’ या टोपणनांवानें लिहून त्यांनीं गिअरच्या सायकलीचा जन्मभर पुरस्कार केला. उलट टूर द फ्रान्स या विख्यात शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे उतारवयांतल्या लोकांची सोय वाटे. त्यामुळें त्या शर्यतींतले स्पर्धक डोंगराच्या पायथ्याशीं खालीं उतरत, मागचें चाक काढून उलटें फिरवून बसवीत, आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर साखळी घालून चढूं लागत. डिरेलरला त्या शर्यतींत मोकळीक मिळाली ती १९३७ सालीं. पुढचा डिरेलर आरंभीं तर तारेनें चालतच नसे. स्वारानें फिरत्या पायडलांच्या मध्यें हात नेऊन एक दांडी सरकवावयाची असे. आज खटका ब्रेकच्या दांड्यांतच असतो. ही सोय जपानच्या शिमानो कंपनीनें १९९० सालीं बाजारांत आणली.

हल्लीं याच्या उलट वारें वाहूं लागलें आहे. खडकाळ वाटांवरच्या सायकलींत पुढें एकच चक्र ठेवून डिरेलर अजिबात काढून टाकतात, आणि आपल्याकडचे कांहीं कारागीरहि तोच सल्ला देतात. एकानें माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना सांगितलें, “साहेब, हे पुढलं काढून टाकू का? बिनकामाचं हाय. ह्याच्याबिगर बी गाडी पळतीच की.” त्या माणसाला मी दोष देत नाहीं. डोळ्यानें चाकाचा वांक ओळखून तो तारा आवळून सरळ करणारा हा कसबी माणूस. त्याच्याकडे दिवसाकांठीं वीस साध्या सायकली येतात आणि अशी एखादी महिन्याकांठीं. परंतु सल्ला चुकीचा आहे, आणि तो कां चुकीचा हें आपल्याच रस्त्यावर पाहूं.

नांदेड गोदावरीच्या कांठीं, समुद्रसपाटीपासून सुमारें ३६० मीटरांवर. लातूर बालाघाटच्या पठारावर, ६०० मीटरांहून थोडें वर. मधला रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर असा जातो. राष्ट्रीय महामार्ग ३६१ तो हाच. चढ एकाच घाटांत येऊन संपत नाहीं. तो तुकड्यातुकड्यांनीं भेटतो, मध्येंच उतार देतो, आणि दिलेलें पुन्हां काढून घेतो. शिवाय लातूर नांदेडच्या नैर्ऋत्येस आहे, आणि पावसाळ्यांत वारा पश्चिमेकडून नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे जून ते सप्टेंबर या महिन्यांत लातुराकडे जाणाऱ्याला चढ आणि समोरचा वारा हे दोन्ही एकदमच पदरीं येतात.

आतां थोडें गणित. या सायकलीच्या चाकाचा घेर सुमारें २.१ मीटर. पुढें ५० दांत्यांचें आणि मागें २८ दांत्यांचें चक्र असतां पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल ३.७५ मीटर जाते. पुढें ३४ घेतले तर २.५५ मीटर. चढावर, वाऱ्याविरुद्ध, ताशीं १० किलोमीटरांचा वेग धरा. मोठ्या चक्रावर मिनिटाला साधारण ४४ फेरे पडतील, लहान चक्रावर ६५. श्रम तेवढेच, पण पहिल्या रीतींत प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर दीडपट भार येतो. पंचविशींतल्या तरुणाला हा भार जाणवणार नाहीं. पन्नाशीच्या प्राध्यापकांना तो दुसऱ्या दिवशीं जिना उतरतांना जाणवेल. माहूरच्या गडाकडे जाणाऱ्याची गोष्ट तर विचारूंच नका.

महाराष्ट्रांत ही सायकल आतां पाहुणी राहिलेली नाहीं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका खंड पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी, सुमारें ४८०० किलोमीटरांची शर्यत जोडीनें पुरी केली. २०१७ सालीं नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं ती एकट्यानें पुरी केली. एवढें धाडस सगळ्यांनीं करावें असें नव्हे. पण ब्रेव्हे नांवाच्या लांब पल्ल्याच्या ज्या सहली निघतात, त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे असतात, आणि तपासणीच्या ठिकाणांखेरीज वाटेंत मागें मोटर घेऊन मदतनीस फिरविण्यास मनाई असते. अशा वाटेवर, किंवा रविवारीं सकाळीं लोह्याच्या पुढें एकटे असतां, आपला डिरेलर आपणांलाच लावतां आला पाहिजे. आणि हा केवळ सोयीचा प्रश्न नाहीं. चढावर उभें राहून पायडल मारीत असतां साखळी निसटली, तर पायाखालचा आधार एकाएकीं नाहींसा होतो आणि स्वार पुढें फेंकला जातो. उसाच्या ट्रॉल्या आणि मालमोटारी अंगावरून जात असलेल्या महामार्गावर हें किती धोक्याचें आहे, तें सांगण्याची जरूर नाहीं.

तर आतां मांडणी. साहित्य थोडें लागतें: ५ मिलिमीटरचा ॲलन पाना (कांहीं सायकलींना ४ चाहि लागतो), एक लहान स्क्रूड्रायव्हर, एक पक्कड आणि चिंधी. मागचें चाक जमिनीवरून उचललेलें असावें. दुकानांतला स्टँड नसला तर बैठकीला दोर बांधून सायकल झोपाळ्याच्या कडीला टांगावी; मराठी घरांत ही सोय बहुधा असतेच. सायकल उलटी करून ठेवूं नका, कारण पुढें वरून पाहण्याचें काम आहे.

पहिली गोष्ट स्क्रूंना हात न लावणें ही होय. माझा सगळा भर या एका गोष्टीवर आहे. पिंजरा आपल्या जागीं बसलेला नसेल तर स्क्रू कितीहि फिरवा, एक दोष जाऊन दुसरा येईल. म्हणून आधीं बोल्ट ढिला करून तार सोडून द्या, आणि पिंजऱ्याची उंची व दिशा पाहा. हातानें पिंजरा बाहेर ओढून त्याची बाहेरची पट्टी मोठ्या चक्राच्या दांत्यांवर आणा. पट्टीची खालची कड आणि दांत्यांचीं टोंकें यांच्यामध्यें एक ते तीन मिलिमीटरांचें अंतर असावें. घरगुती माप असें कीं, रुपयाचें एक नाणें मधून सहज सरकावें, पण तीन नाणीं एकावर एक ठेवून घालूं म्हटलें तर मावूं नयेत. अंतर अधिक असेल तर पिंजरा साखळीला नीट पकडूं शकत नाहीं, आणि ती वर चढण्याऐवजीं बाहेर पडते. अंतर नसेलच तर दांते पट्टीला लागतात.

मग उभे राहा आणि वरून, बैठकीच्या मागून खालीं पाहा. बाहेरची पट्टी मोठ्या चक्राला समांतर दिसली पाहिजे. तिचें मागचें टोंक आंत किंवा बाहेर वळलेलें असेल तर साखळी कांहीं गिअरांत हमखास घांसणार, आणि तो आवाज कोणत्याहि स्क्रूनें जाणार नाहीं. पिंजरा नळीला आवळणारा बोल्ट थोडा ढिला करून दिशा सुधारावी. येथें एक बारकावा आहे: बोल्ट आवळीत असतां पिंजरा त्याच्याबरोबर किंचित फिरतो, म्हणून दुसऱ्या हातानें तो धरून ठेवावा, आणि आवळून झाल्यावर पुन्हां वरून पाहावें. चौकट कार्बनची असेल तर जोर बेतानें. कांहीं नव्या जातींत नळीला टेकणारा एक छोटा आधारस्क्रूहि असतो. दिशा ठरल्यावर तो नळीला टेकेपर्यंत फिरवावा, कारण तार ओढली जातांना पिंजरा वळूं नये याची काळजी तो घेतो.

या पहिल्या कामाला पंधरा मिनिटें लागली तरी लागूं द्यावीं. पुढचीं कामें त्यामानानें झटपट होतात.

एल स्क्रूसाठीं साखळी पुढें लहान चक्रावर आणि मागें सर्वांत मोठ्या चक्रावर न्या. या स्थितींत साखळी चौकटीच्या सर्वांत जवळ आलेली असते. आतां पिंजऱ्याची आंतली पट्टी आणि साखळी यांच्यामध्यें जेमतेम अर्ध्या मिलिमीटराची फट राहील असा एल स्क्रू लावा. लग्नपत्रिकेचा जाड कागद मधून ओढतां यावा, इतकीच फट. स्क्रू पाव पाव फेरानें फिरवावा आणि प्रत्येक वेळीं पायडल हातानें फिरवून पाहावें. घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरविला कीं सीमा आखडते, उलट फिरविला कीं मोकळी होते. ही सीमा फार मोकळी राहिली तर साखळी लहान चक्राच्याहि पलीकडे जाऊन क्रँक आणि चौकट यांच्या सांदींत अडकते, आणि तेथें चौकटीचा रंगच नव्हे तर प्रसंगीं चौकटहि खरवडली जाते.

त्यानंतर तार जोडा. पण जोडण्यापूर्वीं डाव्या हाताचा सोडण्याचा खटका, आवाज येणें थांबेपर्यंत, दोनतीनदां दाबून घ्या. अर्ध्यावर थांबलेल्या खटक्याशीं तार जोडली तर पुढचें सगळें गणित चुकतें. तारेच्या वाटेवर, बहुधा हॅंडलजवळ किंवा खालच्या तिरप्या नळीवर, एक फिरकी असते. ती पूर्ण आंत फिरवून मग दोन फेरे बाहेर घ्या, म्हणजे पुढें ताण कमीजास्त करण्यास जागा राहते. तार पक्कडीनें ताठ ओढा, बोल्टाशेजारच्या खांचेंत ती बरोबर बसली आहे ना हें पाहा, आणि बोल्ट आवळा. ताठ म्हणजे सतारीची तार नव्हे. लोंबकळ नसावी इतकेंच.

आतां पायडल फिरवीत मोठा खटका पूर्ण दाबा. साखळी मोठ्या चक्रावर चढली पाहिजे. चढली नाहीं, तर लगेच एच स्क्रूकडे वळूं नये. फिरकीनें ताण पाव फेर, अर्धा फेर वाढवून पाहावा. दहांतल्या आठ वेळां एवढ्यानेंच काम होतें, असा माझा अनुभव आहे. तरीहि चढेना, तर मग एच थोडा मोकळा करावा. चढल्यावर मागें सर्वांत लहान चक्र घेऊन बाहेरची पट्टी आणि साखळी यांच्यामध्यें पुन्हां तीच लग्नपत्रिकेची फट ठेवावी. एच फार मोकळा असेल तर साखळी मोठ्या चक्रावरून उडून पायाकडे बाहेर पडते. ही पडझड आंतल्या पडझडीपेक्षां वाईट, कारण तिच्यांत पायडलावर जोर असतांनाच आधार सुटतो.

शेवटीं पुढें मोठें आणि मागेंहि सर्वांत मोठें चक्र घेऊन आंतली पट्टी साखळीला टेकते का तें पाहावें, आणि टेकत असल्यास फिरकीनें ताण थोडा कमी करावा. पुष्कळ खटक्यांत एक अर्धा टप्पा ठेवलेला असतो. त्यानें साखळी चक्र बदलत नाहीं. पिंजरा तेवढा केसभर सरकतो आणि घांसण्याचा आवाज जातो. हा अर्धा टप्पा आपल्या सायकलीला आहे हें ठाऊकच नसलेले मालक मला भेटले आहेत. गिअर बिघडला म्हणून ते दुकानांत जातात, आणि बिघाड कांहींच नसतो. त्याचप्रमाणें पुढें लहान आणि मागेंहि अगदीं लहान चक्र घेतल्यास साखळी तिरकी पडून थोडी घांसणारच. तो गिअर चालविण्यासाठीं नाहींच असें समजावें.

यंत्र नीट लागलें तरी चालविणाऱ्याचा हात, खरें म्हणजे पाय, शिकलेला असावा लागतो. मघां सांगितलें कीं हा डिरेलर ताणलेला पदर हलवितो. म्हणून खटका दाबतांना पायडल फिरत ठेवावें, पण पायांतला जोर अर्धा क्षण काढून घ्यावा. चढ लागल्यावर, दम लागल्यावर, उभें राहून खटका दाबूं नये. चढ समोर दिसूं लागला कीं लहान चक्र घेऊन मोकळें व्हावें. हें करीत असतांना पाय एकाएकीं फार हलके होतात, तेव्हां मागें एकदोन चक्रें लहान घ्यावीं, म्हणजे लय तुटत नाहीं. एवढें करूनहि साखळी आंत पडलीच, तर घाबरून पायडल जोरानें मारूं नये. खटका मोठ्या चक्राकडे दाबावा आणि अगदीं हलक्या पायानें फिरवावें. पुष्कळ वेळां साखळी आपण होऊन वर चढते. न चढली तर रस्ता सोडून कडेला उतरावें आणि हातानें घालावी. हात काळे होतील. खिशांत चिंधी ठेवावी.

निगेसंबंधीं आपल्या भागापुरतें सांगावयाचें तें मातीविषयीं. मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यांत पिठासारखी उडते आणि पावसाळ्यांत डिंकासारखी चिकटते. तिचा थर डिरेलरच्या सांध्यांत बसला कीं स्प्रिंगला पिंजरा परत ओढवत नाहीं, आणि लहान चक्र लागेनासें होतें. लोक मग तार सैल करतात, एल मोकळा करतात. खरा उपाय चिंधी आणि जुना दांत घासण्याचा ब्रश हाच असतो. सांधे पुसून प्रत्येकावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक एक थेंब सोडावा, पिंजरा हातानें आंतबाहेर करावा, आणि वर आलेलें तेल टिपून घ्यावें. टिपणें महत्त्वाचें, ओलें तेल राहिलें तर त्यावर दुसऱ्या दिवशीं पुन्हां मातीच बसते. धुण्यासाठीं नळी लावून पाण्याचा फवारा मारूं नये. एक तर तें पाणी क्रँकच्या बेअरिंगांत शिरतें. दुसरें असें कीं, ज्या लातुराला एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या गांवांत सायकलीवर बादल्या ओतणें बरेंहि दिसत नाहीं. ओलें फडकें पुरतें.

दुसरी दुर्लक्षित जागा क्रँकच्या खालीं आहे. ज्या सायकलींत तार बाहेरून जाते, तेथें ती क्रँकच्या घरट्याखालून एका प्लॅस्टिकच्या खांचेंतून वळते. चाकांनीं उडविलेला चिखल नेमका तेथेंच बसतो आणि वाळून घट्ट होतो. खटका जड लागूं लागला, कीं प्रथम सायकल आडवी करून ही खांच पाहावी. पावसाळ्यांत दर आठवड्याला आणि एरवीं महिन्यांतून एकदां ती पुसली तर तार बराच काळ टिकते. साखळीचें मापहि अधूनमधून घ्यावें: साखळीच्या एका खिळ्यापासून पुढचे १२ इंच मोजले असतां बरोबर खिळा आला पाहिजे. तो एक सोळांश इंच पुढें गेलेला दिसला तर साखळी झिजली. ती वेळेवर बदलली नाहीं तर ती पुढचीं चक्रेंहि बरोबर घेऊन जाते, आणि तीं साखळीच्या कितीतरी पट महाग असतात.

नवी तार घातल्यावर पहिल्या शंभरएक किलोमीटरांत ती थोडी सैल पडल्यासारखी वाटेल. तारेपेक्षां तिच्या बाहेरचीं आवरणें आपापल्या टोप्यांत दबून बसतात, म्हणून असें होतें. अशा वेळीं कोणताहि स्क्रू न हलवितां फिरकी अर्धा फेर बाहेर घ्यावी. नांदेडाहून निघालें असल्यास लोह्याला चहा पितां पितां हें काम होतें. तारेचें मोकळें टोंक दोन बोटें ठेवून कापावें आणि त्यावर धातूची लहानशी टोपी दाबून बसवावी. ती नसेल तर तारेचे पदर सुटून पोटरीला बोंचतात, आणि पुढच्या वेळीं तार सोडून पुन्हां ओंवणें अशक्य होतें. टोपी मिळाली नाहीं तर टोंकावर चिकटवण्याच्या पातळ द्रवाचा एक थेंब सोडून तो वाळूं द्यावा. तेवढ्यानें पदर सुटत नाहींत.